नावाची वहिवाट : पुण्याच्या ‘बर्गर किंग’ खटल्याचा अभ्यास

शेतजमिनीच्या भांडणात आपल्याकडे दोन शब्द हमखास येतात, सातबारा आणि वहिवाट. सातबाऱ्यावर नाव एकाचं असतं आणि नांगर वर्षानुवर्षं दुसऱ्याचा चालत असतो. दुकानाच्या नावावरून भांडण होतं तेव्हाही हेच घडतं. ट्रेडमार्कची नोंदणी म्हणजे नावाचा सातबारा, आणि पाटी लावून रोज गिऱ्हाईक सांभाळणं म्हणजे वहिवाट. सातबारा हा मालकीचा अंतिम पुरावा नसतो, हे जमिनीचे जाणकार सांगतात. ट्रेडमार्क कायदा, १९९९ चं कलम ३१ नोंदणीबद्दल तेच म्हणतं : नोंदणी हा मार्कच्या वैधतेचा प्रथमदर्शनी पुरावा आहे. उलट पुरावा द्यायची मुभा समोरच्याला राहतेच.

पुण्यातलं एक खाद्यगृह आणि अमेरिकेतली एक प्रचंड कंपनी यांच्यात २०११ पासून चाललेला खटला याच दोन शब्दांभोवती फिरतो. छोट्या व्यावसायिकांसाठी इतकं शिकवणारं दुसरं प्रकरण अलीकडच्या काळात महाराष्ट्रात माझ्या पाहण्यात नाही. म्हणून ते नीट उलगडून मांडतो आहे.

काय घडलं

‘बर्गर किंग कॉर्पोरेशन’ ही फ्लोरिडात १९५०च्या दशकात उभी राहिलेली कंपनी. जगभर तिची हजारो उपाहारगृहं आहेत. पुण्यात कॅम्प भागात एका दांपत्याचं खाद्यगृह १९९२च्या सुमारास ‘बर्गर किंग’ याच नावाने सुरू झालं आणि चांगलं चाललं. त्या काळी बर्गर खायचा म्हणजे कॅम्पात जायचं, असं असलेली पुणेकरांची एक पिढी आहे. अमेरिकन कंपनीचं भारतातलं पहिलं उपाहारगृह दिल्लीत उघडलं ते थेट नोव्हेंबर २०१४ मध्ये. मुंबई आणि पुण्यातली त्यानंतरची.

कंपनीने पुण्याच्या जिल्हा न्यायालयात दावा लावला २०११ मध्ये, म्हणजे भारतात तिचं एकही उपाहारगृह नव्हतं तेव्हा. मागणी होती कायमच्या मनाईची : हे नाव पुण्यातल्या या लोकांनी वापरू नये. जानेवारी २०१२ मध्ये न्यायालयाने अंतरिम मनाई दिली आणि दाव्याचा निकाल लागेपर्यंत ती राहिली. अंतरिम म्हणजे तात्पुरती. इथे तात्पुरतं म्हणजे बारा वर्षांहून अधिक काळ झाला, हे ध्यानात ठेवा.

२०२४च्या पावसाळ्यात निकाल आला आणि दावा फेटाळला गेला. न्यायालयाचा तर्क थोडक्यात असा : पुण्यातलं खाद्यगृह १९९२ पासून या नावाने सेवा देत होतं. कंपनीने भारतात उपाहारगृहाची सेवा सुरू केली २०१४ मध्ये. म्हणजे आधीचा वापर पुणेकरांचा. या खाद्यगृहामुळे गिऱ्हाईक फसलं, गोंधळलं, याचा पुरावा कंपनीला देता आला नाही. दांपत्यानेही वीस लाख रुपये भरपाई मागितली होती, पण तोंडी सांगण्यापलीकडे पुरावा नाही म्हणून तीही नाकारली गेली.

कंपनी अपिलात मुंबई उच्च न्यायालयात गेली. २ डिसेंबर २०२४ रोजी उच्च न्यायालयाने, अपिलाचा निकाल लागेपर्यंत जुनी अंतरिम मनाई पुन्हा लागू केली. सगळा पुरावा नव्याने तपासावा लागेल, तोवर आधीची स्थिती राहावी, ही त्यामागची भूमिका. दोन्ही बाजूंनी आपल्या व्यवसायाची आणि करभरणीची मागच्या दहा वर्षांची कागदपत्रं जपून ठेवावीत, असंही बजावलं. मग प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ७ मार्च २०२५ रोजी न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना आणि न्यायमूर्ती सतीशचंद्र शर्मा यांच्या खंडपीठाने उच्च न्यायालयाच्या त्या आदेशाला स्थगिती दिली. मूळ अपील मात्र उच्च न्यायालयाने चालवायला हरकत नाही, असंही स्पष्ट केलं.

सगळा पेच एका कलमात

ट्रेडमार्क कायद्याचं कलम ३४ छोट्या दुकानदाराने तोंडपाठ करावं असं आहे. नोंदणीधारकाला कोणते वापरकर्ते रोखता येत नाहीत, ते इथे सांगितलं आहे. दोन तारखा घ्यायच्या : नोंदणीधारकाने तो मार्क वापरायला सुरुवात केली ती, आणि त्याच्या नावाने मार्क नोंदला गेला ती. या दोहोंत जी आधीची असेल, तिच्याही आधीपासून तुम्ही ते नाव सलग वापरत असाल, तर तुम्हाला हटवता येत नाही. पुष्कळ लोक हे कलम अर्धंच सांगतात. ‘आधी वापरलं त्याचं नाव’ एवढंच म्हणतात. ‘दोहोंतली आधीची’ हे शब्द सुटले की आख्खा सल्ला चुकतो.

कंपनीचा जोर नेमका त्या शब्दांवर आहे. भारतातली आमची नोंदणी १९७९ सालापासूनची आहे, असं ती म्हणते. १९७९ ही १९९२च्या आधीची. तेवढंच पाहिलं तर पुणेकरांचा बचाव तिथेच संपतो.

पण संपत नाही, आणि का, हे समजायला थोडा इतिहास पाहावा लागतो. १९७९ मध्ये आपल्याकडे १९५८चा कायदा होता आणि त्याखाली फक्त मालाच्या मार्कची नोंदणी होत असे. साबण, औषध, बिस्किट, मसाला. हॉटेल, सलून, क्लासेस, वाहतूक अशा सेवांच्या नावांची नोंदणी करायची सोयच नव्हती. ती आली १५ सप्टेंबर २००३ रोजी, १९९९चा कायदा प्रत्यक्ष लागू झाला त्या दिवशी. म्हणजे १९७९ची नोंदणी काहीही म्हटलं तरी मालाची असणार. उपाहारगृह-सेवेसाठीची कंपनीची नोंदणी ऑक्टोबर २००६ची आहे. कलम ३४ ‘त्या मालाच्या किंवा त्या सेवेच्या संदर्भात’ बोलतं. सेवेपुरतं बघायचं, तर तुलना १९९२ आणि २००६ यांच्यात होते आणि पुणेकर चौदा वर्षांनी पुढे असतात.

यावर कंपनीही बोलू शकते. बर्गर हा मालच आहे. खाद्यगृहात मिळतो तो पदार्थ आणि तो वाढण्याची सेवा यांना एकमेकांपासून तोडता येत नाही, म्हणून १९७९ची तारीख इथेही लागते. हा युक्तिवाद मला पोकळ वाटत नाही. तरी माझं मत पुणेकरांच्या बाजूने झुकतं, आणि त्याला कारण आहे सर्वोच्च न्यायालयाचा २०१५चा निऑन लॅबोरेटरीजचा निकाल. भूल देण्याच्या एका औषधाच्या नावावरून वाद होता. निऑनने नोंदणीचा अर्ज १९९२ मध्ये केला होता, पण औषध बाजारात आणलं २००४ मध्ये. दुसरी कंपनी तसंच नाव १९९८ पासून वापरत होती. नोंदणी अर्जाच्या तारखेपासून धरली जाते, त्यामुळे कागदावर निऑन पुढे होती. तरी न्यायालयाने बाजारात आधी आलेल्याला झुकतं माप दिलं. नाव नोंदवून वर्षानुवर्षं नुसतं धरून बसणाऱ्याने प्रत्यक्ष धंदा उभा करणाऱ्याला अडवू नये, हा त्यातला न्याय. पडीक ठेवलेल्या रानाचा सातबारा दाखवून कसणाऱ्याला बांधावरून हुसकायचं नाही, असं आपल्या भाषेत म्हणता येईल.

दूरची ख्याती

कंपनीचा दुसरा आधार प्रसिद्धीचा. दुकान इथे नसलं तरी नाव इथे पोचलं होतं, हा तो मुद्दा. भारतीय न्यायालयांनी तो पूर्वी मानलेला आहे. १९९६च्या व्हर्लपूल निकालात, त्या अमेरिकन कंपनीची इथली नोंदणी १९७७ मध्ये संपलेली असूनही, मासिकांतल्या जाहिरातींमुळे आणि तुरळक विक्रीमुळे तिची ख्याती भारतात पोचली होती असं धरून तिला संरक्षण मिळालं. पण त्यानंतर पारडं हळूहळू फिरलं आहे. मिल्मेट या भारतीय औषध कंपनीच्या २००४च्या निकालात सर्वोच्च न्यायालय म्हणालं की, ज्या बहुराष्ट्रीय कंपनीचा भारतात येण्याचा इरादाच नाही, तिला प्रामाणिकपणे नाव घेऊन इथे आधी धंदा सुरू केलेल्या भारतीय कंपनीचा गळा आवळू देता कामा नये. आणि डिसेंबर २०१७ मध्ये टोयोटा हरली. टोयोटाची ‘प्रियस’ मोटार जपानमध्ये १९९७ मध्ये आली, भारतात २०१० मध्ये. दिल्लीची एक सुट्या भागांची कंपनी ‘प्रियस’ हे नाव २००१ पासून वापरत होती. न्यायालयाने एवढंच विचारलं : २००१ मध्ये भारतातल्या गिऱ्हाइकाला तुमची प्रियस माहीत होती का? तसा पुरेसा पुरावा टोयोटाला देता आला नाही.

तोच प्रश्न इथे विचारायचा. १९९२ मध्ये पुण्यातल्या माणसाला फ्लोरिडाचं बर्गर किंग माहीत होतं का? परदेशी चॅनेल नुकतीच घरात येऊ लागली होती, आर्थिक उदारीकरण नुकतंच सुरू झालं होतं. नातेवाईक परदेशी असलेल्या मोजक्या घरांना ठाऊक असेल. याची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडायला हवी : नाव ठेवणाऱ्यालाच ते ठाऊक असेल तर? मग ‘प्रामाणिकपणे घेतलेलं नाव’ हा पाया हलतो. पण ‘बर्गर’ आणि ‘किंग’ हे दोन्ही शब्द इतके सरधोपट आहेत की कोणालाही स्वतंत्रपणे सुचू शकतात.

सुचलेही आहेत. अमेरिकेतच इलिनॉय राज्यातल्या मॅटून नावाच्या छोट्या गावात एका जोडप्याचं आइस्क्रीमचं दुकान होतं. त्यांनी १९५७ मध्ये शेजारी बर्गरचं दुकान टाकलं आणि नाव ठेवलं ‘बर्गर किंग’. १९५९ मध्ये राज्याकडे नोंदवलंही. फ्लोरिडाच्या कंपनीने इलिनॉयमधलं पहिलं उपाहारगृह उघडलं १९६१ मध्ये आणि त्याच वर्षी देशपातळीची नोंदणी घेतली. १९६८ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने दोघांत जमीन वाटून दिली : मॅटूनभोवतीच्या वीस मैलांत नाव त्या जोडप्याचं, बाकी सगळीकडे कंपनीचं. ऑस्ट्रेलियात तर कंपनीला नावच बदलावं लागलं, कारण ॲडलेडमध्ये ते आधीच कोणीतरी घेतलेलं होतं. म्हणून तिथे १९७१ पासून तीच साखळी ‘हंग्री जॅक्स’ या पाटीखाली चालते. पुणेकर जोडपं काही जगावेगळं मागत नव्हतं, एवढं या दोन गावांवरून कळतं.

मॅटूनची गोष्ट ऐकून ‘आपल्याकडेही तालुक्यापुरतं नाव मिळेल का’ असं मला अनेकदा विचारतात. आपल्या कायद्यात राज्यपातळीची ट्रेडमार्क नोंदणी नाही. नोंदणी झाली की ती देशभराची. अंतराचा मुद्दा मात्र येतो. अहमदाबादच्या ‘मुक्तजीवन कलर लॅब’चं प्रकरण बघा. १९८२ पासून चालणारी फोटोची लॅब, नाव नोंदवलेलं नाही. १९९७ मध्ये त्याच शहरात दुसऱ्याने तेच नाव लावायचं ठरवलं. खालच्या न्यायालयांना वाटलं, दुकानं चार-पाच किलोमीटर लांब आहेत, फरक काय पडतो. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये ते उलटवलं आणि जुन्या लॅबच्या बाजूने, नव्या दुकानाविरुद्ध मनाई दिली. नोंदणी नसताना दुसऱ्याला रोखायचा हा मार्ग म्हणजे ‘पासिंग ऑफ’चा दावा. कलम २७(२) तो शाबूत ठेवतं. पण त्यात सगळं सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर : नाव आम्ही कमावलंय, समोरचा गिऱ्हाइकाला भुलवतोय, आमचं नुकसान होतंय.

१९९२ ते २०११ : काय करता आलं असतं

आता मी त्या दांपत्याच्या शेजारी बसल्यासारखं करून वर्षं मोजतो. १९९२ मध्ये सेवेची नोंदणी शक्य नव्हती. त्यात त्यांची चूक काहीच नाही. मालाच्या वर्गात बर्गरसाठी अर्ज करता आला असता, पण १९७९ची नोंदणी आडवी आली असती. म्हणजे त्या अकरा वर्षांत करण्यासारखं मुख्य काम एकच होतं : वहिवाटीचा कागद साठवणं. तारखेसकट पाटीचा फोटो, छापखान्याचं बिल, वर्तमानपत्रातली जाहिरात, खाद्यगृहाचा परवाना, विक्रीकराची विवरणपत्रं.

मग येतो १५ सप्टेंबर २००३. त्या दिवसापासून ऑक्टोबर २००६ पर्यंत तीन वर्षांची एक खिडकी उघडी होती. त्या काळात सेवेसाठी अर्ज गेला असता, तर कंपनीलाच विरोध नोंदवत यावं लागलं असतं आणि लढाईचं मैदान वेगळं असतं. पुण्यातल्या किती खाद्यगृहांना त्या दिवशी कायदा बदलल्याचं कोणी सांगितलं असेल? हॉटेलवाला पहाटे मंडईत जातो आणि रात्री गल्ला मोजून झोपतो. राजपत्र वाचायला त्याला वेळ नसतो. ही माहिती त्याच्यापर्यंत नेणं हे आमच्यासारख्या सल्लागारांचं काम होतं आणि ते आम्ही पुरेसं केलं नाही, असं मला मनापासून वाटतं.

आणखी एक साधन होतं, कलम ४७. नोंदवलेला मार्क सलग पाच वर्षं आणि वर तीन महिने वापरलाच नाही, तर तो वहीतून काढून टाकावा असा अर्ज कोणीही पीडित व्यक्ती करू शकते. जो मार्क नोंदवून ठेवला आणि त्या नावाने इथे काहीच विकलं नाही, त्यावर हे कलम नेमकं लागतं. आपल्यावर दावा येईपर्यंत थांबायची गरज नसते.

कंपनी काढली म्हणजे नाव आपलं?

गेल्या वर्षी दोन भाऊ माझ्याकडे आले. थालीपीठ, पिठलं-भाकरी, खरवस असं मराठी खाणं पुरवणारा त्यांचा व्यवसाय. वडिलांनी घरगुती डब्यांपासून सुरुवात केलेली, मुलांनी वाढवलेला. धाकट्याने फाइल उघडून प्रायव्हेट लिमिटेडचं प्रमाणपत्र दाखवलं. ‘सर, नाव सरकारने मंजूर केलंय, आता कोणी हात लावू शकत नाही ना?’

ही समजूत इतकी पक्की बसलेली आहे की ती काढायला वेळ लागतो. कंपनी निबंधक नाव देताना, तसंच नाव दुसऱ्या कंपनीचं किंवा नोंदवलेल्या ट्रेडमार्कचं नाही ना, एवढं पाहतो. ते कंपनीचं नाव होतं, बाजारातल्या मालावरचा हक्क नव्हे. उलट, कंपनी कायदा २०१३च्या कलम १६ प्रमाणे, नोंदवलेल्या ट्रेडमार्कचा मालक तुमची कंपनी स्थापन झाल्यापासून तीन वर्षांच्या आत अर्ज करून तुम्हाला नाव बदलायला लावू शकतो. एलएलपीलाही (मर्यादित दायित्वाच्या भागीदारीलाही) अशीच तरतूद आहे. आणि ट्रेडमार्क कायद्याचं कलम २९(५) सांगतं की दुसऱ्याचा नोंदवलेला मार्क त्याच प्रकारच्या धंद्यासाठी आपल्या व्यवसायाचं नाव म्हणून वापरणं हाही भंगच. गुमास्ता, उद्यम (लहान उद्योगाची नोंदणी), अन्न परवाना, जीएसटी, यांतलं एकही नावाची मालकी देत नाही. पण हे सगळे वहिवाटीचे उत्तम पुरावे आहेत, कारण त्यांवर सरकारी तारीख असते. म्हणून जुना परवाना नूतनीकरणानंतर रद्दीत टाकू नका.

भावांच्या बाबतीत खरी अडचण वेगळीच निघाली. नाव वापरत होते वडील, एकल मालक म्हणून. पुढे थोरला भाऊ आणि एक मावसभाऊ यांची भागीदारी झाली, तोंडी. त्यावर ही कंपनी. मग जुनी वहिवाट कोणाची? कायद्याने ती आपोआप कंपनीकडे येत नाही. भागीदारी कायदा, १९३२ चं कलम १४ धंद्याची पत (गुडविल) ही पेढीची मालमत्ता धरतं. म्हणजे उद्या मावसभाऊ म्हणू शकतो की माझाही वाटा आहे. पुण्याच्या खटल्यात १९९२ पासूनची सलग वहिवाट सांगणारे दोघे पहिल्यापासून तेच होते, म्हणून साखळी तुटली नाही. या भावांची दोन ठिकाणी तुटलेली होती.

ती आधी जोडून घेतली. वडिलांकडून आणि मावसभावाकडून नाव आणि त्याची पत कंपनीकडे देणारा लेखी करार, मुद्रांकासह. मावसभावाला त्याबद्दल रक्कमही दिली. तो रागावेल अशी भीती होती, पण आपल्याला कोणी विचारलं याचंच त्याला बरं वाटलं. त्यानंतर ट्रेडमार्कचा अर्ज, दोन वर्गांत : तयार खाद्यपदार्थांसाठी ३० आणि खानपान सेवेसाठी ४३. ऑनलाइन अर्जाला लहान उद्योग, स्टार्टअप आणि व्यक्ती यांना दर वर्गामागे ४,५०० रुपये शुल्क आहे, इतरांना ९,०००. त्यांच्याकडे उद्यमचं प्रमाणपत्र होतं, म्हणून सवलत मिळाली.

अर्जात एक रकाना असतो : मार्क कधीपासून वापरात आहे. ‘वापरायचा आहे’ असं लिहून अनेक जण तो उरकतात आणि स्वतःची आख्खी वहिवाट स्वतःच्या हाताने सोडून देतात. जुनी तारीख लिहायची तर २०१७च्या नियमांप्रमाणे प्रतिज्ञापत्र आणि सोबत पुरावा जोडावा लागतो. थोरला म्हणाला, आम्ही २०११ पासून आहोत. मी विचारलं, कागद? त्याने मान हलवली.

चार दिवसांनी त्याच्या आईचा फोन आला. डब्यांवर लावायच्या चिकट पट्ट्या त्यांनी पहिल्यांदा छापून घेतल्या होत्या, त्या छापखान्याचं बिल देवघराच्या खणात सापडलं होतं. एक हजार नग, नाव ठळक छापलेलं, तारीख ऑगस्ट २०१२. मागे हळदीचा डाग होता. आम्ही त्याची रंगीत प्रत काढली आणि रकान्यात २०११ ऐवजी ऑगस्ट २०१२ लिहिलं.